साहेब लोकांची युनियन

पत्र पाठवणारे 34 वर्षांचे आहेत. एका प्रवासी विमान कंपनीत सहा वर्षांपासून फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. देश आणि कंपनी ओळखू येऊ नये, अशी त्यांची विनंती आहे. 2020 मध्ये कंपनीने वैमानिकांचे दोन भत्ते 'तात्पुरते' बंद केले. विमानं पुन्हा भरून उडू लागली, भत्ते मात्र परतले नाहीत. सुट्टीच्या दिवशी फोन करून ड्युटीवर बोलावणं आता नेहमीचंच झालंय. काही सहकारी युनियन बांधत आहेत आणि सह्यांचा कागद फिरतो आहे. ज्या कॅप्टननी त्यांना हाताला धरून काम शिकवलं, ते आता व्यवस्थापनात आहेत. त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "आपण काय कामगार आहोत का? तुझं अपग्रेड, कॅप्टनची बढती, आठ महिन्यांवर आलंय. डोकं शांत ठेव." पत्रलेखक विचारतात: "ताई, मी सही करू, की एकट्याने जाऊन बोलू? माझं रेकॉर्ड स्वच्छ आहे, माझं ऐकतील. शिवाय आम्हाला विमानतळावरच्या इतर लोकांपेक्षा पगार कितीतरी जास्त. आम्हीच पगारासाठी एकत्र आलो, तर लोक हावरट म्हणतील. त्यांचं चुकेल का?"

तुम्ही ताई म्हटलंत, तर आधी मी कोण ते सांगून टाकते. नोकरीची बावीस वर्षं मी कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात काढली. पगाराच्या वाटाघाटीत मी कायम मालकाच्या बाजूच्या खुर्चीत असायचे. विमानातलं मला खिडकीजवळ बसलेल्या प्रवाशाइतकंच कळतं. पण सह्यांचा कागद फिरायला लागला की वरच्या मजल्यावर काय बोलणी होतात, ते चांगलं ठाऊक आहे.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: 'माझं ऐकतील.'

हे मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलंय, आणि कधी कधी आम्ही ऐकायचोही. हातात कसब असलेला टूलमेकर केबिनमध्ये आला की त्याची वाढ गुपचूप करून टाकायचो. त्याच्या गुणांवर खूश होऊन नव्हे. तो उद्या समोरच्या कारखान्यात गेला तर तिथे त्याला याच हुद्द्यावर घेतील, ही धास्ती असायची. आता तुमचं पाहा. सहा वर्षांची नोकरी सोडून तुम्ही दुसऱ्या विमान कंपनीत गेलात, तर कुठे बसवतील? बहुतेक मोठ्या कंपन्यांत सीनिऑरिटीच्या यादीत सगळ्यात खाली. रोस्टर म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, सुट्ट्या, कुठलं विमान, कॅप्टनची खुर्ची कधी, मंदी आली की आधी घरी कोण, सगळं त्या यादीतल्या नंबरावर ठरतं. उड्डाणाचे तास तुमच्याबरोबर येतात, नंबर येत नाही. त्यात प्रशिक्षणाचा बाँड, म्हणजे प्रशिक्षणाच्या बदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, असेल तर बघायलाच नको. हे तुम्हाला माहीत आहे तसंच कंपनीलाही माहीत आहे. ज्याला सोडून जाता येत नाही, त्याने एकट्याने येऊन केलेल्या बोलण्याला आमच्याकडे 'निवेदन' म्हणायचे. ते फाइलला लागायचं.

समजा, तुमच्या बाबतीत चमत्कार झाला आणि तुमचे एकट्याचे भत्ते परत मिळाले. पुढच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी फोन वाजेल. आदल्या रात्री झोप झालेली नाही. तुम्ही 'नाही' म्हणाल?

इथे तुमचा धंदा इतर धंद्यांहून वेगळा होतो. वैमानिकाच्या कामाचा मोठा भाग 'नाही' म्हणण्याचा आहे. हवामान ठीक नाही, उतरणार नाही. इंधन कमी वाटतंय, आणखी भरा. मी थकलोय, आज उडणार नाही. यातलं प्रत्येक 'नाही' कंपनीला पैशात पडतं, आणि ज्याच्याकडून मेहेरबानी घेतली त्याला ते म्हणणं अवघड जातं. म्हणून वैमानिकाचा पगार तक्त्यावर असावा: कुठलं विमान, कुठली खुर्ची, किती वर्षं, एवढंच बघून. कोण कोणाचा लाडका, याला त्यात जागा नसावी. आणि तक्ता एकट्याने ठरत नाही. तो एक तर कंपनी ठरवते, नाही तर सगळे मिळून कंपनीशी बसून ठरवतात. एकट्याने बोलण्याचा तिसरा पर्याय तुम्ही मनात धरला आहे, पण तो तुमच्या धंद्यात जवळजवळ अस्तित्वातच नाही.

हे करून पाहिलेले लोक आहेत. अमेरिकेतल्या जेटब्लू कंपनीची विमानं 2000 मध्ये उडू लागली, ती युनियनशिवाय. प्रत्येक वैमानिकाशी कंपनीचा वेगळा, ठरावीक मुदतीचा करार असायचा. कंपनी काही वाईट समजली जात नव्हती. युनियनसाठी मतदान झालं तेव्हा वैमानिकांनी ती आधी नाकारलीही. शेवटी 2014 मध्ये त्यांनी मोठ्या बहुमताने युनियन निवडली. उलट उदाहरणही देते: स्कायवेस्ट ही तिथलीच मोठी कंपनी. तिच्या वैमानिकांची कंपनीअंतर्गत प्रतिनिधी संघटना आहे, रूढ अर्थाने युनियन नाही, आणि कंपनी अनेक वर्षं चालली आहे. अशा अंतर्गत संघटनेला मी सरसकट नावं ठेवणार नाही. फक्त तिचा खर्च कोण करतं आणि तिने केलेला करार मोडला तर दाद कुठे मागायची, हे दोन प्रश्न विचारा. तुमचे 'तात्पुरते' भत्ते आठवले की दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व कळेल.

आता 'आपण काय कामगार आहोत का' याबद्दल. कॅप्टनसाहेबांना राग येणार नसेल तर सांगा, हा वाद जवळजवळ शंभर वर्षं जुना आहे. डेव्हिड बेंकी नावाच्या वैमानिकाने 1931 मध्ये शिकागोत अमेरिकी वैमानिकांची संघटना उभी केली, तीही नोकरी जाईल म्हणून आधी गुपचूप. त्या काळातले वैमानिकही स्वतःला साहेबच समजायचे. पुढच्याच वर्षी सेंच्युरी एअरलाइन्सच्या मालकाने पगार कापले आणि साहेबांना रस्त्यावर यावं लागलं. त्या झगड्यांच्या ओघात 1934 मध्ये सरकारच्या कामगार मंडळाने निकाल दिला की वैमानिकाने महिन्याला 85 तासांपेक्षा जास्त उडू नये. आज तुमचे कॅप्टन ज्या तासांच्या मर्यादेचं पुस्तक खिशात घेऊन फिरतात, तसल्या मर्यादांचं मूळ असल्या 'कामगारी' भांडणात आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1948 च्या करारात संघटना करण्याचा हक्क कुठलाही भेद न करता दिला आहे, आणि वेगळा विचार करण्याची मुभा आहे ती सैन्य आणि पोलिसांपुरती. हुद्दा मोठा म्हणून हक्क जातो, असं त्यात कुठे नाही. मात्र प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. काही ठिकाणी 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येत वैमानिक बसतो का, कॅप्टन पर्यवेक्षक ठरतो का, यावर खटले चालतात. सहीच्या आधी कामगार कायद्याच्या वकिलाला एक तास द्या. पाच-सहा जणांनी मिळून फी भरली तर भारही पडत नाही.

हावरटपणाचा मुद्दा तुम्हाला खरा बोचतोय, असं वाटलं. त्यावरचं तयार उत्तर तुमच्या सहकाऱ्यांकडे असेल: 'आमची मागणी पैशांसाठी नाही, सुरक्षिततेसाठी आहे.' कृपा करून असं म्हणू नका. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. पैसे मागायचे असतील तर पैसे म्हणा. विश्रांती मागायची असेल तर विश्रांती म्हणा. आणि दोन्ही गोष्टी एकमेकींत किती गुंतल्या आहेत, ते आकड्यांनी दाखवा.

12 फेब्रुवारी 2009 ला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं. विमानातले 49 आणि जमिनीवरचा एक, अशी 50 माणसं गेली. अपघाताचं कारण कमी पगार नव्हतं. विमानाचा वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने उलटी कृती केली, असा चौकशीचा निष्कर्ष होता. पण त्या चौकशीत हेही उघड झालं की सहवैमानिक मुलीचा वर्षाचा पगार सुमारे 16 हजार डॉलर होता. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला आईवडिलांकडे राहायची आणि त्या ड्युटीसाठी आदली रात्र विमानांतून प्रवास करत कामाच्या ठिकाणी पोचली होती. पुढे 2010 मध्ये कायदा झाला, आणि जानेवारी 2014 पासून विश्रांतीचे कडक नियम लागू झाले: ड्युटीआधी किमान 10 तास, त्यात 8 तास झोपेची संधी. यातून मालवाहू विमानांचे वैमानिक वगळले. का? फायद्यापेक्षा खर्च जास्त, असा हिशेब मांडला गेला म्हणून. रात्री उडणाऱ्यांची झोप खर्चाच्या रकान्यात गेली! विश्रांती हीसुद्धा पैशाचीच वाटाघाट आहे, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगू?

तर, लोक हावरट म्हणतील का? म्हणतील. वैमानिकाचा पगार ऐकून सामान चढवणाऱ्या माणसाला काय वाटतं, ते तुम्ही समजू शकता, हे तुमच्या पत्रातच दिसतं. पण तुमचे भत्ते कापले गेले तेव्हा ते पैसे त्याच्या खिशात गेले नाहीत. तुम्ही गप्प बसल्याने त्याचं भलं होत नाही. त्याच्या युनियनने मागणी केली तर तुमच्या युनियनने जाहीर पाठिंबा द्यावा, एवढं तुम्ही आत जाऊन करू शकता. बाहेर राहून तेही नाही.

इथवर वाचून वाटेल, ताईंनी सही करायला सांगितली. थांबा. युनियन म्हणजे संतमंडळी नव्हेत.

1983 मध्ये अमेरिकन एअरलाइन्समध्ये दुहेरी वेतनश्रेणी आली. जे नोकरीत आहेत त्यांचा पगार शाबूत, जे यापुढे लागतील त्यांना त्याच खुर्चीवर, त्याच विमानावर, कितीतरी कमी. युनियनने तो करार केला, कारण ज्यांचा तोटा होणार होता ते मत द्यायला हजरच नव्हते. मी पलीकडच्या खुर्चीतून असे करार लिहिलेत, आणि सांगते, मालकाला याहून गोड करार नसतो. काही वर्षांनी नवे आणि जुने एकमेकांचेच वैरी होतात. सीनिऑरिटीच्या यादीवरून तर याहून वाईट. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या 2005 मध्ये एक झाल्या. दोन याद्या कशा मिसळायच्या, यावर लवादाचा निकाल 2007 मध्ये लागला. तो एका गटाला इतका झोंबला की पुढच्या वर्षी त्यांनी जुनी युनियनच मत देऊन हटवली. त्यानंतर वर्षानुवर्षं दोन्ही गट कोर्टात, आणि कंपनी दोघांना जुन्या पगारावर ठेवून निवांत.

म्हणून कागदावर सही करण्याआधी त्यावर कोण कोण आहे ते पाहा. फक्त कॅप्टन आहेत का? नुकते लागलेले आहेत का? पदाधिकारी किती वर्षांनी बदलणार, कराराचा मसुदा सगळ्यांच्या मतदानाला जाणार की समिती परस्पर सही करणार, वर्गणीचा हिशेब कोण तपासणार? या प्रश्नांवर 'आधी एकी, मग नियम' असं उत्तर आलं, तर सही लांबवा आणि नियम लिहायला स्वतः बसा. तसंही आठ महिन्यांनी तुम्ही डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, खुर्चीत असाल. आज सहवैमानिकांसाठी जे कलम हवंसं वाटतं, ते आजच लिहून घ्या. खुर्ची बदलली की नजर बदलते.

दुसरी भीती संपाची. युनियन म्हणजे संप, हे समीकरण बाहेरच्यांचं आहे. कामाचे नव्वद टक्के दिवस युनियन कुणाचं मेडिकल (उडण्यासाठी लागणारा डॉक्टरी दाखला) अडकलं, कुणाला सिम्युलेटर चाचणीनंतर परत संधी मिळाली नाही, असल्याच गोष्टींत असते. (नव्वदचा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, कुणी मोजलेला नाही.) पण संपाचं हत्यार हातात आहे म्हणून तर समोरचा ऐकतो, हेही खरं. न उडालेल्या विमानातली सीट उद्या विकता येत नाही. कारखान्यात आम्ही संपाच्या आधी गोदाम भरून ठेवायचो. विमान कंपनीला ती सोय नाही. सप्टेंबर 2019 मध्ये ब्रिटिश एअरवेजचे वैमानिक दोन दिवस संपावर गेले, तेव्हा कंपनीला जवळजवळ सगळी उड्डाणं रद्द करावी लागली. युनियनचं तोंड न पाहणाऱ्या रायनएअरने डिसेंबर 2017 मध्ये, बरोबर नाताळच्या तोंडावर, युनियनना मान्यता दिली. त्याआधी रोस्टरच्या घोळात हजारो उड्डाणं रद्द झाली होती. कंपनीला वैमानिकांची गरज तेव्हा सगळ्यात जास्त होती.

वेळ चुकली की काय होतं, त्याचं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. 1989 मध्ये तिथल्या वैमानिकांनी जवळजवळ 30 टक्के वाढ मागितली आणि सकाळी 9 ते संध्याकाळी 5 एवढंच काम करू, असं जाहीर केलं. सरकारचं राष्ट्रीय वेतन धोरण या मागणीच्या आड येत होतं, आणि पंतप्रधान बॉब हॉक, जे स्वतः कामगार चळवळीतून आलेले, कंपन्यांच्या बाजूने उभे राहिले. कंपन्यांच्या खटल्यांतून वाचायला सोळाशेच्या आसपास वैमानिकांनी सामूहिक राजीनामे दिले. राजीनामा दिला म्हणजे ते कर्मचारीच उरले नाहीत. हवाई दलाची विमानं प्रवाशांसाठी उडवली गेली, परदेशातून वैमानिक आले, आणि राजीनामा दिलेल्यांपैकी अनेकांना ती नोकरी परत कधीच मिळाली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आकडा मोठा होता हे एक, पण त्यापेक्षा मोठी चूक म्हणजे देशात एकही माणूस आपल्या बाजूला नाही, हे न तपासता टोकाला जाणं.

आणखी एक मोह सगळ्या वैमानिकांना होतो: आजारपणाची सामूहिक रजा. संप बेकायदा ठरेल म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी आजारी पडायचं. फेब्रुवारी 1999 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी हे केलं. कोर्टाने थांबा सांगितल्यावरही थांबले नाहीत, आणि युनियनला साडेचार कोटी डॉलरच्या वर दंड झाला. दंड सोडा. थकव्यामुळे खरोखर उडता येत नाही, हे सांगण्याची जी सोय तुमच्याजवळ आहे, तीच अशाने खोटी पडते. तुमच्या गटात कुणी हे सुचवलं तर तिथल्या तिथे विरोध करा.

मग मागायचं काय? मी तुमच्या जागी असते तर पहिल्या मागणीपत्रात मूळ पगार लिहिलाच नसता. आधी ते दोन भत्ते, त्यांच्या बंदीच्या ईमेलमधला 'तात्पुरता' हा शब्द अधोरेखित करून. मग सुट्टीच्या दिवशी बोलावण्याचा दर आणि नाही म्हणण्याचा हक्क लेखी. मग मेडिकल गेलं तर मिळणारी भरपाई, कारण तुमची सगळी कमाई डॉक्टरांच्या एका शिक्क्यावर उभी आहे. या गोष्टी प्रवाशालाही पटतात, आणि कंपनीला त्या देणं पगारवाढीपेक्षा सोपं जातं. पगाराचा तक्ता दुसऱ्या फेरीला. तोपर्यंत कंपनीचा ताळेबंद वाचायला शिका. आमच्या खुर्चीतल्या लोकांना आरडाओरडा करणाऱ्या पुढाऱ्याची कधी भीती वाटली नाही. नफातोट्याचं पत्रक हातात घेऊन शांतपणे तिसऱ्या पानावरचा आकडा विचारणारी एक बाई होती. तिच्या बैठकीच्या आदल्या रात्री मला झोप यायची नाही.

ताळेबंदाचा आग्रह आणखी एका कारणासाठी. विमान कंपन्या बुडतात. युनायटेडच्या वैमानिकांनी 2000 मध्ये घसघशीत वाढ मिळवली. 2001 च्या हल्ल्यानंतर धंदा कोसळला, 2002 च्या डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली, आणि 2005 मध्ये कर्मचाऱ्यांची पेन्शन योजनाच मोडीत निघाली. जानेवारी 2009 मध्ये हडसन नदीवर विमान उतरवून 155 जणांना वाचवणारे कॅप्टन सलनबर्गर पुढच्याच महिन्यात अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगत होते की त्यांचा पगार 40 टक्के कापला गेला आहे आणि पेन्शन गेली आहे. त्यांनाही युनियन होती. वारं फिरलं तेव्हा, 2023 मध्ये, वैमानिकांच्या टंचाईत डेल्टाच्या वैमानिकांनी चार वर्षांत 34 टक्के वाढीचा करार मिळवला. युनियन वारं आणू शकत नाही, पण ते आलं तेव्हा शीड तयार असलं तर उपयोग. सध्या तुमच्याकडे सुट्टीवरच्या लोकांना बोलवावं लागतंय, म्हणजे माणसं कमी पडतायत. हा आकडा तुमच्या बाजूचा आहे.

राहिलं अपग्रेड. धोका शून्य आहे, असं मी म्हणणार नाही. सीनिऑरिटीने पाळी ठरत असेल तर तुम्हाला डावलणं डोळ्यांवर येईल. मुलाखत किंवा शिफारस असेल तर अडवायला वाव आहे. पाळीची यादी, चाचण्यांचे निकाल आणि मिळालेले शेरे आजच्या तारखेने घरी जपून ठेवा. युनियनबद्दल कंपनीच्या ईमेलवरून किंवा कंपनीच्या टॅबवरून एक ओळही लिहू नका. कर्जाचे सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडेपर्यंत पदाधिकारी होऊ नका. साधं सभासद होणं आणि पुढारी होणं यात फरक आहे, आणि आज फक्त पहिलं करायला तुम्हाला संकोच वाटायचं कारण नाही. नियम ठीक असतील तर मी सही करीन.

तुमच्या कॅप्टनना मात्र हे दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नका. सही केल्यावर त्याच दिवशी त्यांना भेटा आणि स्वतः सांगा. वाद घालू नका. एवढंच विचारा, की सर, तुम्ही उजव्या खुर्चीत होतात तेव्हा सुट्टीच्या दिवशी फोन आला तर काय म्हणायचात? ते काय सांगतात ते मला जरूर कळवा.